दोन वाजून दहा मिनिटं

ओउलूच्या दवाखान्यातून घरी येऊन आज सतरावा दिवस.
बाकी सगळं मी तिथेच सोडून आलो,
नळ्या, मनगटावरची पट्टी, बिनमिठाचं सूप.
दोन वाजून दहा मिनिटं तेवढी
माझ्यामागोमाग केमीपर्यंत आली.

त्या वेळेला नर्स यायची.
रबरी बुटांची चुईचुई,
मग दंडाला पट्टा, पट्ट्यात हवा,
आणि झोपेतून उठवून म्हणायची, "झोपा हं."
आता कुणी येत नाही.
तरी दोन दहाला माझा डावा हात
आपसूक पांघरुणाबाहेर येतो,
बाही वर सारून वाट बघत राहतो.

बाहेर उजेड. जूनमध्ये आमच्याकडे
रात्र नुसती नावाला.
सूर्य आखाताच्या कडेला टेकतो न टेकतो तोच
काहीतरी विसरल्यासारखा परत येतो.
सिल्वीने खिडकीला काळं कापड शिवलं,
त्यावर घोंगडी ठोकली.
तरी एका खिळ्याच्या भोकातून
उजेडाची सुई येते, नेमकी माझ्या डोळ्यावर.

तीस वर्षं मी बर्फ फोडणाऱ्या जहाजावर होतो, इंजिनात.
उशीपासून हातभर अंतरावर लोखंड,
लोखंडापलीकडे पुरुषभर बर्फ
फुटायचा, घासायचा, किंचाळायचा,
आणि मी घोरायचो.
जाग यायची ती जहाज थांबल्यावर:
काय बंद पडलं?
आताही तशीच येते.
मी छातीवर हात ठेवून बघतो.
चालू असतं.
पण मी खात्री करत बसलो की
झोप निघून जाते,
दार वाजवून कुणी उघडलं नाही
तर पाहुणा जातो तशी.

निघताना त्यांनी एक कागद दिला. फ्रिजवर लावलाय.
दुपारनंतर कॉफी नको.
फिनलंडात! कुणी लिहिलं असेल हे?
दिवसा आडवं होऊ नका.
वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठा,
काहीतरी कंटाळवाणं करा.
मी उठतो. सौनाच्या पायरीवर बसून
नट एका डब्यात, वायसर दुसऱ्यात.
कंटाळवाणं कसलं, मला त्यात गोडी लागली,
चार वाजले तरी हात थांबेना.
कागदात याचं काही लिहिलेलं नाही.

हापालाबद्दलही नाही.
हापाला म्हणजे शेजारच्या खाटेवरचा.
रोज रात्री पडद्यापलीकडून विचारायचा,
"इंजिनवाले, जागे आहात?"
मी म्हणायचो, "आहे."
मग तो झोपायचा.
एका रात्री मला गोळी दिली होती.
त्याने विचारलं की नाही, मला माहीत नाही.
सकाळी त्याची चादर बदललेली होती.
डॉक्टर म्हणाले, याचा त्याचा काही संबंध नाही.
मलाही ते ठाऊक आहे.
दोन दहाला ठाऊक नसतं.

काल मी कूस बदलली तेव्हा सिल्वी जागी होती.
काय झालं, असं तिने विचारलं नाही.
माझा बाहेर आलेला हात धरला,
दंडाभोवती आपली बोटं गुंडाळली,
घट्ट, आणखी घट्ट,
मग हळूहळू सैल.
"एकशे तीस, ऐंशी," म्हणाली. "झोपा हं."
तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

मी हसलो. मग दिसला
तिच्या दुसऱ्या मुठीतला फोन,
आवाज शेवटपर्यंत वाढवलेला.
मी तिकडे होतो तेव्हा ती असाच धरून पडायची,
वाजला तर कळावं म्हणून.
मी सतरा दिवस तिच्या अंगाला अंग लावून,
आणि ती अजून
माझ्या बातमीची वाट बघत होती.

मी एकेक बोट सोडवून फोन काढून घेतला,
स्वयंपाकघरात पावाच्या डब्यात ठेवला, झाकण लावलं.
परत येतो तर ती झोपलेली,
तोंड उघडं, इंजिन सुरू.

मग बराच वेळ
ती उजेडाची सुई पांघरुणावरून भिंतीकडे सरकत होती.
"जागे आहात?" कुणीतरी विचारलं,
किंवा नाही विचारलं.
"आहे," मी म्हटलं, हळू, सिल्वी उठू नये म्हणून,
"झोपा तुम्ही."