नंबर तोच

मेस्तियाच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
मक्वाला मावशी, कंपनी बदलेल, नंबर तोच राहील.
मधे दोन-तीन तास फोन मुका राहील, इतकंच.

इतकंच!
एकवीस वर्षं हा नंबर
खोऱ्यातल्या स्वयंपाकघरांत पेन्सिलीने लिहिलेला आहे,
पिठाच्या डब्यावर, दाराच्या चौकटीवर,
उश्बाच्या पायथ्याशी शेवटच्या घरात तर गोठ्यात,
गाईंच्या विण्याच्या तारखांखाली.
कळा रात्रीच सुरू होतात. आणि बर्फ पडला
की जुन्या कंपनीची रेंज आधी जाते,
वीज नंतर.

सही केली.
जुनं कार्ड निघालं, नखाएवढं.
एवढ्याशात किती जणींचं किंचाळणं मावलं होतं.

मग तीन तास मी कुणाचीच नव्हते.
पुलाच्या कठड्याशी बसून कुब्दारी खाल्ली,
गरम असतानाच, शेवटच्या घासापर्यंत.

साडेचारला फोन थरथरला.
पलीकडे घाबरा, हसरा पुरुष:
दुपारपासून लावतोय, लागतच नव्हता.
मुलगी झाली.
आईनेच नाळ कापली माझ्या.

बरं झालं, मी म्हणाले.
बोट अजून तुपकट होतं, ते परकराला पुसलं.
मग विचारलं,
कशाने कापली?