आतून कडी

खानापूरच्या पुढं, जांबोटीच्या रस्त्याला,
सव्वा एकर मुरमाड माळ
आणि त्यात एकच झाड, किंदळाचं.

उतारा कन्नडात निघाला.
निलव्वानं वाचून दाखवला,
एकेका अक्षराखाली बोट सरकवत.
अर्जाशी थांबली. म्हणाली,
‘इथं गंडन हेसरू मागतोय, नवऱ्याचं नाव.’
आम्ही अकराजणी. एकमेकींकडं बघितलं.
कारकुनानं चष्मा पुसला,
रकान्यात आडवी रेघ मारली.
त्या रेघेवर आमचं जोतं.

पैसे निपाणीचे. वखारीतल्या बायांचे,
विड्या वळणाऱ्यांचे.
आठवड्याला पन्नास, सणाच्या आठवड्यात वीस.
वही माझ्याकडं.
मालाक्कानं एकदा पैशाऐवजी पिशवी आणून ठेवली,
ती पण लिहिली:
कुळीथ, दोन किलो, जमा.

कौलं भट्टीवरची, जरा पिचलेली, निम्म्या भावात.
खोल्या सात.
बडिगेर मेस्त्री चौकटीशी उकिडवे बसून विचारतात,
‘कडी कुठनं लावू? भायरनं का आतनं?’

हौसाक्काच्या घरी दाराला
तीस वर्षं पडदाच होता, लुगड्याचा.
ती म्हणाली, ‘आतनं.’
मेस्त्री रंधा हातात घेणार, तेवढ्यात परत म्हणाली,
‘आतनं, मेस्त्री. जाड बघून लावा.’

एक भन्ते येऊन गेले, वयस्कर, मायाळू.
चहा घेतला. म्हणाले,
बायकांच्या दीक्षेचा धागा मधेच तुटलाय हो,
फार शतकांपूर्वी. आता देणार कोण?
आम्ही कपबशा उचलल्या.
मोरीवर निलव्वा राख घासत म्हणाली,
‘तुटला तर तुटला.
दोरा तुटल्यावर आपण पान टाकून देतो काय?’

दीक्षेच्या आदल्या दिवशी परशरामनं
वस्तरा पाण्यात बुडवला आणि तसाच धरून राहिला.
‘माझ्या आज्ज्यानं बायांची डोकी केलती, विधवांची.
रडं कानातनं जात नाही म्हणायचा,
मरेस्तोवर.’
हौसाक्का पाटावर बसली, मान पुढं घातली.
‘हितं कुणी मेलं नाही. चालव.’
कानामागं आला तशी ती हसायला लागली,
गुदगुल्या होतात म्हणून,
आणि परशरामलाही थांबवेना, वस्तरा बाजूला ठेवून
दोघं हसत बसले.
केस किंदळाखाली पडले. निम्मे पांढरे.
कोंबड्यांनी चोचीनं उलटून बघितले.

मी दीक्षा घेतली नाही.
सून बाळंत व्हायची आहे, वही आहे,
आणि कारणं शोधली तर अजून निघतील.
ध्यानाला मात्र बसते.
श्वास मोजा म्हणतात, दहापर्यंत, मग परत एक.
माझे पंचवीस होतात.
पंचवीस झाले की बोटं
मांडीवर दोरा चाचपडतात, कट्टा बांधायला.
हात जोडले की नाकाशी तंबाखू येतो.
साबण, चिंच, राख, सगळं करून झालं.

रात्री अंगणात झोपते.
कड्या ऐकू येतात, एकेक.
हौसाक्काची सगळ्यात शेवटी, जोरात,
जणू अजून मेस्त्रीला ऐकवते आहे.
सहा.

सातवीत सिमेंटची रिकामी पोती आहेत, दोन घमेली,
कुळथाची पिशवी.
परवा दुपारी कुणी नव्हतं तेव्हा आत गेले,
दार लोटलं, कडी घातली.
उभीच राहिले. किती वेळ, मोजला नाही.
मग कडी काढली, बाहेर आले,
वही उघडली
आणि तारीख टाकून
पुढं काय लिहायचं ते सुचेना.