दुसरी डिस्क

नव्या लॅपटॉपला तोंडच नाही.
चारी कडांवरून बोट फिरवलं,
डिस्क घालायला कुठे फट नाही.
मग दापोलीहून आणला बाहेरून लावायचा ड्राइव्ह,
अकराशे रुपये. दुकानातला पोरगा म्हणाला,
"ताई, यात आता काय बघणार? लग्नाची सीडी?"
मी म्हटलं, पाणबुडी.

नाझनीनचे अब्बा बोटीवर होते.
सिंगापूरहून त्यांनी एकच खेळ आणला, दोन डिस्कांचा,
आणि आम्ही तो मासळीसारखा वाटून घेतला:
पहिली माझ्याकडे, दुसरी तिच्याकडे,
म्हणजे एकटीला कुणालाच पुढे जाता येऊ नये.
बर्फ फॅक्टरीच्या हिशेबाच्या कॉम्प्युटरवर
दुपारी दोन ते चार, मेहताजी जेवायला गेले की.
पाणबुडी तळाला टेकते
तिथे पहिली डिस्क संपते.
तिथवर आलो, आणि त्याच आठवड्यात
तिचं लग्न ठरलं, शारजाला.
घाईत डिस्क कुणाच्या लक्षात राहते.

एकोणीस वर्षं.

मशीन म्हणालं, हा प्रोग्राम इथे चालणार नाही.
जुना असल्याचं सोंग घे म्हटल्यावर
म्हणालं, बरं.
चालला, पण असा सुसाट
की प्राणवायूचा काटा
मी श्वास घ्यायच्या आत शून्यावर.
तीनदा बुडाले. चौथ्यांदा कळलं,
हा खेळ प्रोसेसरच्या ठोक्यांवर वेळ मोजतो,
आणि ठोके आता शंभरपट झालेत.
हळू हो, असं सांगावं लागलं यंत्राला.
रात्री अकरापर्यंत हळू, अजून हळू करत आणलं
तेव्हा कुठे ती निघाली
ओहोटीत अडकून सुटलेल्या होडीसारखी, आपल्या वेळेनं,
आणि टेकली तळाला.
काळ्या पडद्यावर एक ओळ:
दुसरी डिस्क घाला.

सकाळी हर्णैला, राबियाखालाच्या खळ्यात
जवळा वाळत होता.
वर सुतळीला सात-आठ डिस्का, कावळ्यांसाठी,
वाऱ्यानं फिरत, चकाकत.
एकीवर मार्करनं काढलेला दोन,
शेपटी उलटी वळवलेला. ती तसाच काढायची.
"खाला, ही सोडू का?"
स्टूल तिनंच आणून दिलं.

मीठ, ऊन, कावळ्यांची घाण.
टूथपेस्ट लावून पुसली
आतून बाहेर, आतून बाहेर, गोल नाही,
हेही नाझनीननंच शिकवलेलं.
ड्राइव्ह खरखरला,
जेटीवर थंड इंजिन पकडत नाही तसा,
आणि एकाहत्तर टक्क्यांवर थांबला.
पंखा फिरत राहिला.

पडद्याचा फोटो शारजाला पाठवला.
उत्तर दुपारी आलं:
"अजून खालीच हाय का गं? हवा किती उरली?"
मी पाहिलं. इतकं हळू करून ठेवलं होतं
की काटा हललाच नव्हता.
पुष्कळ आहे, मी लिहिलं.

संध्याकाळी डिस्क परत द्यायला गेले.
खाला जवळा भरत होती.
"कावळं शानं झालं," ती म्हणाली,
"आता याला भीत नाय.
तरी बांध."