रेघेचे पैसे

बाबांच्या वस्तू वाटायच्या होत्या.
एप्रिलचा रविवार, चर्च सुटलेलं,
सोलापूरचं ऊन पत्र्यावर ठाण मांडून बसलेलं
आणि पंखा तेच ऊन ढवळत होता.

शांतवन मिस्त्री. चाळीस वर्षं
दफनभूमीतल्या माणसांची नावं काळ्या दगडात कोरली त्यांनी,
जन्म, मग आडवी रेघ, मग मृत्यू.
रेघेचे पैसे घेत नसत.

छिन्न्या अमोसला. हातोडा कुणालाच नको.
चष्मा आईने आधीच उशीखाली सारलेला.
उरला बिस्किटांच्या डब्यातला दगड,
लोणारहून आणलेला, एक्याऐंशी साली,
एसटीच्या सीटखाली पायांत धरून,
मुठीएवढा, एका अंगाला काच झालेला.

"हा जलप्रलयाच्या वर्षातला," अमोस म्हणाला.
तो आता पास्टर आहे, होटगी रोडला. माईक नसला तरी माईकवरचाच आवाज.
"खालून झरे फुटले, वरून धोंडे आले,
नोहा तारवात, आणि बाहेर हे असलं.
सहा दिवस म्हणजे सहाच दिवस, ताई.
रविवार ते शुक्रवार. मोजून घे."

फुलवंताआत्याचं निराळंच.
मिशनच्या मॅडमकडून ऐकलेलं, तिने साठ वर्षं जपलेलं:
पवित्र शास्त्राच्या पहिल्या आणि दुसऱ्या ओळीच्या मध्ये
एक आख्खं जग मोडून पडलंय,
आदामाच्या आधीचं.
तो देखणा दूत गर्वाने फुगला, वरून ढकलला गेला,
तर कुठेतरी आपटला असेलच की नाही?
"खड्डा पडणारच, पोरी."
आणि कडक भाकरी मोडली. कट्कन.

नोएल, तिचा जावई, शाळेत विज्ञान शिकवतो.
दोघांच्या मधल्या खुर्चीत बसला होता.
म्हणाला, देवाचा दिवस आपल्या घड्याळात मावत नाही,
घडवत घडवत नेतो तो, घाई नाही त्याला.
मग हळूच माझ्याकडे वळून:
"पण खरं किती वर्षांचा?"

मी भूजल खात्यात. बोअर कुठे घ्यायची ते सांगते,
पाणी नाही लागलं की शिव्या खाते.
सांगितलं, मूळचा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा,
किल्ल्याच्या बुरुजात आहे त्याच जातीचा,
आपल्या उंबऱ्यातला, बाबांच्या हातातला.
त्यावर आकाशातून धोंडा आदळला.
आतल्या स्फटिकांना वितळायलाही सवड मिळाली नाही,
उभ्या उभ्या काच झाले.

"कधी?"

आधी म्हणायचे पन्नास हजार.
आता म्हणतात पाच लाख सत्तर हजार.

अमोस हसला. "म्हणजे तुमचीही तारीख हललीच."
हलली, म्हटलं. आम्ही खोडतो, पुन्हा लिहितो.
बाबांना खोडता येत नसे.
एकदा एका बाईचं साल चुकलं
तर सबंध शिळा त्यांनी मोरीत पालथी घातली.
तिच्यावर आम्ही अजून धुणं धुतो.

आत्याने चष्म्याशिवायच दगड हातात घेतला,
उलटा केला, नोएलपुढे धरला. "काय लिहिलंय बघ."
तळाला खडूने, बाबांच्या त्याच डौलदार अक्षरात,
कोरायच्या आधी आखून घेत तसं:
जन्म.
पुढे काही नाही.
रेघसुद्धा नाही.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
बाबा कुणाच्या बाजूचे ते कळलं, असं अमोसला वाटलं,
आत्यालाही वाटलं. मलाही.
चर्चमध्ये ते नेहमी शेवटच्या बाकावर, दाराजवळ,
आमेन म्हणत की नुसते ओठ हलवत,
कुणी कधी वळून पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात झळ आली, दार धाडकन आपटलं.
आई उठली. दुपारभर एक शब्द बोलली नव्हती.
आत्याच्या हातातून दगड घेतला,
दार उघडलं, फटीला लावला,
पायाने जरा आत सरकवून बघितला, हलत नाही ना.

"हा कुणाला द्यायचा नाही," म्हणाली.
"चहा ठेवू का?"

खडूची बाजू खाली गेली होती.
उचलून बघायला हवं होतं.
पण वारं सुटलं होतं,
आणि दार नीट उभं होतं.