समासातलं नाव

आडनाव विचारलं. सालमीनचाचा म्हणाले, किंदी.
मी लिहिलं हिंदी.
खोडा, म्हणाले, क लिहा,
आणि खिडकीतून बोरीच्या कोरड्या पात्राकडे बघत राहिले,
जणू हद्रामौत तिथंच, केळीच्या बागांपलीकडे.

नज्दमध्ये राजे होते आमचे.
राज्य मोडलं, उंट लादून दक्षिणेला परतलो.
मदिनेला गेलो ते रेशमी काठाचे झगे घालून;
रेशीम नको, कळल्यावर
काठ तिथंच टराटरा फाडले.
पुढं जकातीच्या एका उंटिणीवरून बिनसलं
आणि नुजैरच्या गढीत कोंडलो.

पाणी संपलं तेव्हा सरदारानं अभय मागितलं,
माणसांची नावं लिहून दिली.
दार उघडलं.
यादीत त्याचंच नाव नव्हतं.

मंग?
त्याला सोडलं शेवटी. गढीतल्यांना नाही.
वाचली ती वाचली.

आणि आमचे पूर्वज, त्यांनी बोट दाखवलं,
या अमळनेरच्या वाळूत एकेक करून
बंदुका ठेवून गेले. त्यांची यादी कुणी केली नाही.

रेशनचा अर्ज त्यांनी सरकवला.
सून, दोन नातू, विधवा बहीण सफिया.
मी दोनदा मोजली.
चाचा, तुमचं?

ते डबीतली तपकीर शोधत होते.
समासात मीच लिहिलं,
क ला पहिली वेलांटी.