तेरावं

दोनच्या आत आलेली ऑर्डर त्याच दिवशी पोचते,
असं दुकानाच्या काचेवर लिहिलंय.
खाली, बारीक अक्षरात: रविवार सोडून.
ही आली एक छप्पन्नला.
विएस्वावाबाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला
आणि शिकागोतल्या माणसाला एक शिवी हासडली,
तशी मायेचीच.

पांढरे गुलाब, बारा.
गेनोवेफा झारेम्बा, चौथा मजला,
लिफ्टचा उल्लेख नाही.
निरोपाच्या चौकटीत पोलिश, पण
अक्षरांच्या शेपट्या गळालेल्या, डोक्यावरच्या रेघा नाहीत.
तिकडच्या कळफलकावर नसतात म्हणे,
किंवा वीस वर्षांत बोटंच विसरत असतील.
“आई, आज तो दिवस. मी तिथे नाही.”

“वाढदिवस असणार,” बाई म्हणाल्या,
“आणि हा मेला डझनावर मोजायला लागलाय!
जोडीनं मोजलेली फुलं थडग्यावर जातात,
जित्या माणसाच्या हातात एक जास्तीचं द्यावं,
एवढंही राहिलं नाही डोक्यात?”
बादलीत हात घालून त्यांनी आणखी एक काढलं,
काटे खरवडले, पाणी झटकलं.
तेरावं.
“बिलात धरू नकोस.”

गाडीत हीटर लावायचा नाही, हा नियम.
ऊब लागली की फुलं वाटेतच म्हातारी होतात.
म्हणून फेब्रुवारीत मी दोन मोज्यांवर दोन मोजे चढवून
विस्वा ओलांडतो.
खाली बर्फाचे पापुद्रे एकमेकांना ढकलत होते,
घाई कुणालाच नव्हती, मला सोडून.

पहिल्या मजल्यावर कांदा परतला जात होता,
दुसऱ्यावर एक कुत्रं दाराआडून माझ्याशी भांडलं,
तिसऱ्यावर मी नुसता थांबलो.
चौथ्यावर साखळी लावूनच दार उघडलं,
मग साखळीही निघाली.
तिनं वास घेतला नाही.
मोजली.
ओठ हलवत, माझी आई सुटे पैसे मोजते तशी.

“तेरा.”
“हो,” मी म्हटलं, जणू खिशातून मीच घातलंय.
“बारा हवी होती.”
“नाही, विषम द्यावीत म्हणून आमच्या बाईंनी...”
“ठाऊक आहे मला. एकोणतीस वर्षं गणित शिकवलंय.”

मग जरा खालच्या आवाजात:
“ही झेनोनची. आज सहा वर्षं झाली.
थडग्याला घंटा नसते ना दारावर,
म्हणून मुलगा पत्ता माझा घालतो.
चारच्या ट्रामनं मी नेऊन ठेवते.”

त्या गारठ्यात माझे कान तापले.
काय बोलावं?
तिनं फीत सैल केली,
तेरांतलं एक निवडलं. चांगलं नव्हे,
मान जराशी मुरडलेलं,
आणि चहाच्या ग्लासात घालून
खिडकीत ठेवलं, गोळ्यांच्या डबीशेजारी.
“कुणी घातलं म्हणालात?”
“विएस्वावाबाईंनी.”
“सांगा त्यांना,” ती म्हणाली,
आणि काय सांगायचं ते सांगितलंच नाही.
माझ्या फोनच्या काचेवर बोटानं सही केली,
लोकरीचा गुंता झाला नुसता.

दफनभूमी माझ्या वाटेवर आहे, असं मी म्हटलं.
नाहीये.

ती पुढच्या सीटवर बसली, टोपी कानांवर,
मांडीवर बारा.
पुलावर म्हणाली, “फार गार आहे हो तुमच्या गाडीत.”
“फुलांसाठी.”
“बरोबर,” ती म्हणाली
आणि कोटाची कॉलर वर केली.

तेवढ्यात बाईंचा फोन:
“पोचली का रे ऑर्डर?”
मी शेजारी पाहिलं.
“अजून नाही.”