पाठमोरे

रायमुंदने कुठूनसा जुना फुगीर मॉनिटर आणलाय,
नवा खेळ त्यावर चालणार नाही हे माहीत असून.
नुसता ठेवलाय, आलेल्या पाहुण्यासारखा,
एक खुर्ची अडवून.

सव्वीस वर्षांनी ती मालिका परत आली.
नॉर्बेर्त म्हणतो, संगीत तेच,
फक्त आता खरी व्हायोलिनं आहेत.
खरी व्हायोलिनं मागितली होती कोणी?
रायमुंदला हवी ती टिनपाट तुतारी,
दर सोमवारी वाजायची,
आणि पडद्यावर लिहून यायचं : घुबडांचा आठवडा.
मग किल्ल्याच्या दारात नवं सैन्य उभं,
भाले नवे, चेहरे तेच.

ग्रिफिनांना आता पिसं आहेत, एकेक मोजावीत अशी.
"आधी आठ ठिपके होते," रायमुंद म्हणतो,
"आणि मी त्यांना घाबरायचो."

तेव्हा बितोममध्ये आम्हा तिघांत एक संगणक,
इथेच, नॉर्बेर्तच्या घरी, चौथ्या मजल्यावर.
खालच्या खाणीने इमारतीला कल आलेला.
टेबलाच्या दोन पायांखाली पुठ्ठे,
तरी पेन्सिल घरंगळायची ती खिडकीकडेच.
ज्याचा डाव तो खुर्चीत,
बाकी दोघांनी पाठ फिरवायची.
वळून पाहिलं तर एक शहर गेलं.

नॉर्बेर्तच्या वाट्याला भिंत, तीवर संत बार्बारा.
रायमुंदला दार आणि ओल्या कोटांचा ढीग.
मला खिडकी.
खिडकीत खाणीचं चाक,
तिघांचेही बाप त्याच्याच दोराने खाली जायचे.

नकाशालाही खालचा थर होता.
शिडी सापडली की अंधार उघडायचा,
सोनं, गंधक, एखादा ड्रॅगन.
बाबांना एकदा दाखवला तो थर.
बराच वेळ बघून म्हणाले,
छत फार उंच आहे,
इतकं ताठ कोणी चालत नाही खाली.

एका नोव्हेंबरात चाक थांबलं.
कुणाचा तरी डाव चालू होता.
मी वळले नाही, बोललेही नाही.
वाटलं, वळलं की शहर जाईल.

वाद मात्र तेव्हापासूनचा एकच : प्रेतनगर.
सांगाड्यांचं ते शहर माझं, आणि मी जिंकायचे.
नॉर्बेर्तने वह्या भरून हिशेब मांडलाय,
मेलेले फुकटात उठतात, खात नाहीत, भीत नाहीत,
म्हणजे तोलच चुकलेला.
खेळ बनवणाऱ्यांना त्याने पत्रं धाडली.
त्याच्यासारख्या शेकड्यांनी धाडली.
आणि त्यांनी ऐकलं,
सांगाडे आता निम्मेच उठतात.
"न्याय," म्हणत नॉर्बेर्त बिअर उघडतो.
मी खसखशीच्या केकचा घास
तोंडातच धरून बसते.

कारण हिवाळ्यात चारलाच काळोख पडायचा
आणि खिडकीच्या काचेत
अख्खा पडदा दिसायचा, उलटा.
त्यांचे घोडेस्वार डावीकडे निघाले की उजवीकडे निघालेले,
मी मनातल्या मनात सरळ करून घ्यायचे.
दोघांचे सगळे बेत. चार हिवाळे.
बिचारे सांगाडे, त्यांचा काय दोष.
उन्हाळ्यात मी हरायचे,
ते कुठल्याच वहीत नाही.

नव्या खेळात सगळ्यांचा डाव एकदम चालतो,
ज्याच्या त्याच्या घरी,
कुणी कुणाकडे पाठ फिरवायला नको.
रायमुंद ती सोय शोधून बंद करतो.
"एक खुर्ची," म्हणतो. "आणि तेक्ला, तू तुझ्या जागी."

उठते. इमारत आता जॅक लावून सरळ केलीय,
पेन्सिल ठेवावी तिथे राहते.
चाकाच्या जागी गाड्या धुण्याचं केंद्र, निळा दिवा.
काचही नवी, दुहेरी.
तीत दोन पडदे दिसतात, एकातून एक निसटलेले,
आणि नॉर्बेर्तचं टक्कल, तेही दोनदा.

"बघत नाहीयेस ना?"
"छे," मी म्हणते,
आणि त्याचे ग्रिफिन मोजून
दोनाने भागते.